हेलन ट्राउबेल

हेलन फ्रान्सेस्का ट्राउबेल (जन्म : सेंट लुईस, मिझुरी, १६ जून १८९९, मृत्यू : सांता मोनिका, कॅलिफोर्निया, २८ जुलै १९७२) या अमेरिकन सोप्रानो गायिका होत्या. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या ऑपेरांतील नायिकांच्या भूमिकांसाठी त्या प्रसिद्ध होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामधील (संक्षेपाने ‘मेट’) वाग्नर-गायनाचा मोठा भार त्यांनी वाहिला. १९५३ साली नाइटक्लबमध्ये लोकप्रिय गीते गाण्यावरून मेटचे महाव्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि त्यांनी ती संस्था सोडली. त्यानंतर त्यांनी नाइटक्लब, ब्रॉडवेची संगीतिका, चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा माध्यमांतून गायन व अभिनय केला.

जन्म आणि शिक्षण

हेलन यांचा जन्म सेंट लुईसमधील जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते. एकोणिसाव्या शतकात या शहरात जर्मन स्थलांतरितांची मोठी वस्ती झाली होती. त्यांची गायनमंडळे आणि संगीतोत्सव हा तेथील सामाजिक जीवनाचा भाग होता. घरात संगीत आणि नाटक यांची आवड असल्याने हेलन लहानपणापासून दोन्ही पाहत-ऐकत वाढल्या. किशोरवयातच त्यांनी लुलू व्हेटा-कार्स्ट यांच्याकडे गायनाचे शिक्षण सुरू केले. हे शिक्षण एक-दोन वर्षांत संपले नाही. पुढे अनेक वर्षे त्या याच शिक्षिकेकडे शिकत राहिल्या. उपजीविकेसाठी आणि सरावासाठी त्या चर्चमधील गायनवृंदात गात असत.

ऑपेरात नाव काढू इच्छिणाऱ्या अमेरिकन गायकाने इटली किंवा जर्मनीत जाऊन शिकावे, तेथील लहान रंगमंचांवर काही वर्षे काढावीत आणि मग मायदेशी परतावे, अशी त्या काळची रीत होती. हेलन युरोपात शिकायला गेल्या नाहीत. १९२३ साली सेंट लुईस सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी जाहीर मैफलीत पदार्पण केले. १९२६ साली न्यूयॉर्कमधील एका मैफलीनंतर मेटकडून त्यांना कराराचा प्रस्ताव आला होता. त्या वेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते. आपली तयारी अद्याप पुरी झालेली नाही, असे मानून त्यांनी तो नाकारला आणि त्या पुन्हा सेंट लुईसला आपल्या शिक्षिकेकडे गेल्या. मेटच्या रंगमंचावर त्या प्रथम उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना अडतिसावे वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. इतक्या उशिरा पदार्पण करून पहिल्या रांगेत पोहोचलेल्या गायिका ऑपेराच्या इतिहासात फार आढळत नाहीत.

१९२२ साली लुई फ्रँकलिन कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पहिला विवाह झाला, तो टिकला नाही. १९३८ साली त्यांनी विल्यम बास यांच्याशी विवाह केला. पुढे बास यांनी त्यांच्या व्यवसायाचे व्यवस्थापनही पाहिले.

मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये

१९३५ साली ज्येष्ठ संगीतकार व वाद्यवृंदसंचालक वॉल्टर डॅमरॉश एका संगीतोत्सवासाठी सेंट लुईसला आले असता त्यांनी हेलन यांचे गाणे ऐकले. त्या वेळी ते ‘द मॅन विदाउट अ कंट्री’ या आपल्या ऑपेरावर काम करीत होते. या ऑपेरात मेरी रटलेज ही स्त्रीभूमिका मुळात लहान होती. हेलन यांचा आवाज ऐकल्यावर डॅमरॉश यांनी ती वाढवून त्यांच्यासाठी नव्याने लिहिली. १२ मे १९३७ रोजी या ऑपेराचा पहिला प्रयोग मेटमध्ये झाला आणि त्यातूनच हेलन यांचे तेथे पदार्पण झाले. ऑपेरा फार टिकला नाही, गायिका मात्र लक्षात राहिली.

१९३९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील त्यांच्या एकल मैफलीचे समीक्षकांनी स्वागत केले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी त्यांनी मेटमध्ये वाग्नर यांच्या ‘डी वालक्यूर’मधील सीग्लिंडे ही भूमिका केली. त्या काळी मेटमध्ये वाग्नर म्हणजे नॉर्वेच्या कर्स्टन फ्लॅगस्टॅड असे समीकरण झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी लॉरेन्स यांचेही नाव होते. या दोघींच्या सावलीत एका अमेरिकन गायिकेला मोठ्या भूमिका मिळणे कठीण होते. १९४१ साली चित्र अचानक पालटले. फ्लॅगस्टॅड त्या वर्षी पतीकडे जर्मनव्याप्त नॉर्वेत परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत आल्या नाहीत. लॉरेन्स यांना त्याच वर्षी पोलिओने गाठले. ब्रुनहिल्ड, इझोल्ड, एलिझाबेथ, एल्सा आणि कुंड्री या भूमिकांसाठी मेटला आता हेलन ट्राउबेल यांच्याकडेच वळावे लागले. डॅनिश गायक लॉरिट्झ मेल्खिओर हे या काळातील त्यांचे नेहमीचे सहनायक होते.

६ डिसेंबर १९४१ रोजी दुपारी ‘डी वालक्यूर’चा प्रयोग नभोवाणीवरून थेट प्रक्षेपित झाला. त्यात हेलन ब्रुनहिल्ड होत्या. सीग्लिंडेची भूमिका करणाऱ्या लोटे लेमान आजारी पडल्यामुळे ॲस्ट्रिड व्हार्ने या तेवीस वर्षांच्या अपरिचित मुलीला आयत्या वेळी उभे करण्यात आले. सहाच दिवसांनी हेलन आजारी पडल्या आणि त्यांची ब्रुनहिल्डही व्हार्ने यांनीच केली. पुढे व्हार्ने स्वतः वाग्नरच्या श्रेष्ठ गायिका म्हणून गणल्या गेल्या. या प्रक्षेपणाच्या दुसऱ्या दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेतील ऑपेरा मेटने बंद केले होते. या वेळी वाग्नर चालू राहिले, आणि ते चालू राहण्यात या घरच्या गायिकेचा वाटा मोठा होता.

आवाज आणि गायकी

सोप्रानो हा स्त्रीच्या आवाजाचा सर्वांत उंच पट्टीचा प्रकार होय. त्यातील वाग्नरसाठी लागणारा आवाज उंचीबरोबर वजनदारही असावा लागतो. वाग्नरच्या वाद्यवृंदात शंभराच्या आसपास वादक असतात, पितळी वाद्यांचा भरणा मोठा असतो, ध्वनिवर्धक नसतो, आणि गायिकेला चार-पाच तासांच्या प्रयोगात त्या सर्वांवरून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. हेलन यांचा आवाज मोठा, उबदार आणि मधल्या सप्तकात विशेष भरीव होता. तो ओढूनताणून मोठा केलेला वाटत नसे. उच्चार स्पष्ट होते.

अतितार स्वर हे त्यांचे दुबळे अंग होते. इझोल्ड आणि ब्रुनहिल्ड या भूमिकांतील सर्वोच्च स्वर त्या अनेकदा टाळत किंवा ओझरता स्पर्श करून सोडून देत. समीक्षक हे वेळोवेळी नोंदवीत आणि वयाबरोबर ही उणीव वाढत गेली. त्यांच्या पुढील निर्णयांचा विचार करताना ही बाब नजरेआड करता येत नाही. देहयष्टी भारदस्त असल्याने रंगमंचावरील हालचाल मर्यादित असे. वाग्नरच्या नायिकांचे पारंपरिक अवजड पोशाख त्यांना आवडत नसत. हॉलिवूडचे ख्यातनाम वेशभूषाकार एड्रियन यांच्याकडून त्यांनी आपले पोशाख करवून घेतले होते.

त्यांच्या ध्वनिमुद्रणांत आर्तुरो तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली २२ फेब्रुवारी १९४१ रोजी मेल्खिओर यांच्यासह झालेला वाग्नर कार्यक्रम आणि १९४५ साली आर्टूर रोझिन्स्की यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर मुद्रित झालेला ‘डी वालक्यूर’चा संपूर्ण तिसरा अंक ही विशेष महत्त्वाची मानली जातात.

लोकप्रिय संगीताकडे

हेलन यांचा स्वभाव मोकळा आणि विनोदी होता. खळखळून हसण्यासाठी त्या प्रसिद्ध होत्या. बेसबॉलची त्यांना एवढी आवड होती, की सेंट लुईस ब्राउन्स या संघात त्यांनी काही काळ भागीदारी घेतली होती. ऑपेरा गायिकेने लोकांपासून अंतर राखून राहावे, ही कल्पना त्यांना मानवणारी नव्हती. १९५०-५१ च्या सुमारास त्या विनोदी नट जिमी ड्युरांटे यांच्या कार्यक्रमांत दिसू लागल्या. ड्युरांटे यांचा आवाज घोगरा, उच्चार न्यूयॉर्कच्या गल्लीतले. त्यांच्या शेजारी ब्रुनहिल्डच्या आवाजात द्वंद्वगीत गाणाऱ्या हेलन. हा जोड प्रेक्षकांना फार आवडला आणि दोघांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. ज्या लाखो लोकांनी कधी ऑपेरागृहाची पायरी चढली नव्हती, त्यांना हेलन ट्राउबेल हे नाव या कार्यक्रमांमुळे कळले.

याच सुमारास अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या कन्या मार्गारेट यांना त्या गायनाचे मार्गदर्शन करीत होत्या. मार्गारेट यांच्या डिसेंबर १९५० मधील वॉशिंग्टन येथील मैफलीवर समीक्षक पॉल ह्यूम यांनी प्रतिकूल लिहिले आणि अध्यक्षांनी त्यांना संतप्त पत्र पाठविले. त्या प्रकरणाची चर्चा देशभर झाली. शिष्येवरील टीकेची झळ गुरूलाही लागलीच.

रुडॉल्फ बिंग यांच्याशी मतभेद

व्हिएन्नात जन्मलेले रुडॉल्फ बिंग १९५० साली मेटचे महाव्यवस्थापक झाले. संस्थेला शिस्त लावण्याचा त्यांचा निर्धार होता. त्यांनी फ्लॅगस्टॅड यांना परत बोलावल्याचे जाहीर केले, मेल्खिओर यांच्याशी नवा करार केला नाही, आणि हेलन यांना मात्र प्रथम काहीच कळविले नाही. युद्धकाळात ज्या गायिकेने संस्थेची बाजू सांभाळली, तिला वृत्तपत्रांतून तक्रार करावी लागली, तेव्हा प्रस्ताव आला. १९५०-५१ च्या हंगामात फ्लॅगस्टॅड आणि ट्राउबेल या दोघीही मेटमध्ये गायल्या. हेलन यांना रिचर्ड श्ट्राउस यांच्या ‘डेर रोझेनकाव्हालिअर’मधील मार्शालिन ही भूमिकाही मिळाली. १९५१ साली बॅरिटोन गायक रॉबर्ट मेरिल हे चित्रपटासाठी संस्थेचा दौरा चुकवून हॉलिवूडला गेले, तेव्हा बिंग यांनी त्यांना काढून टाकले आणि दिलगिरीनंतरच परत घेतले.

१९५३ साली हेलन यांनी शिकागोच्या शे पारी या नाइटक्लबमध्ये गाण्याचे ठरविले. बिंग यांनी त्यांना पत्र लिहून मेट आणि नाइटक्लब यांची सांगड बसत नाही असे कळविले, आणि गंभीर संगीताकडे पुन्हा मन वळेपर्यंत त्यांनी एखादा हंगाम मेटपासून दूर राहावे असे सुचविले. हेलन यांनी हा पत्रव्यवहार प्रसिद्धीस दिला. अमेरिकेतील लोकगीते आणि लोकप्रिय गीते हाही सन्माननीय संगीताचाच भाग आहे आणि चांगले गाणे कोठेही गायिले तरी त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी मेटमध्ये परत न येण्याचा निर्णय जाहीर केला. त्या वेळी त्या ५४ वर्षांच्या होत्या.

या वादात वृत्तपत्रे बहुतांशी हेलन यांच्या बाजूने होती. बिंग यांच्या धोरणात विसंगती होती, हे खरेच. डिसेंबर १९५० मध्ये त्यांनी स्वतःच ‘डी फ्लेडरमाउस’ हा ऑपेरेटा इंग्रजीत, ब्रॉडवेचे दिग्दर्शक गार्सन केनिन यांच्या दिग्दर्शनाखाली, जॅक गिलफोर्ड या विनोदी नटाला घेऊन मेटमध्ये सादर केला होता आणि त्याला गर्दीही लोटली होती. म्हणजे हलके संगीत मेटमध्ये आलेले चालत होते, मेटच्या गायिकेने त्याच्याकडे गेलेले चालत नव्हते. मात्र बिंग यांच्या बाजूलाही काही वजन आहे. ऑपेरा कंपनीचे वेळापत्रक, तालमी आणि दौरे हे कलावंत पूर्ण वेळ उपलब्ध असल्यावरच चालतात. शिवाय हेलन यांच्या तार स्वरांची अवस्था पाहता इझोल्ड आणि ब्रुनहिल्ड त्यांना आणखी किती वर्षे पेलल्या असत्या, हा प्रश्न उभयतांसमोर असणारच. पैशाचाही भाग होता. मेटचे सर्वोच्च मानधन एका प्रयोगाला सुमारे १,००० डॉलर होते. नाइटक्लबची मिळकत त्याहून पुष्कळ अधिक होती.

शिकागोनंतर त्या न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमध्येही गायल्या. कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांचे ‘सेंट लुईस ब्लूज’ हे गीत असे. आपल्या जन्मगावाचे नाव असलेले हे गीत म्हणजे त्यांची ओळखच बनली. ज्या आवाजाला शंभर वाद्यांवर मात करण्याची सवय, तो ध्वनिवर्धकासमोर, जेवणाच्या टेबलांपासून काही फुटांवर उभे राहून आवरता घेणे हे सोपे तंत्र नव्हे. त्यांचा आवाज या गीतांना काहीसा मोठा पडे. त्यांच्या विनोदबुद्धीमुळे श्रोत्यांना ती गोष्टही गमतीची वाटे.

‘पाइप ड्रीम’

रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन या जोडीने १९४९ साली मेटचे बास गायक एत्सिओ पिंझा यांना ‘साउथ पॅसिफिक’ या संगीतिकेत नायक केले होते आणि तो प्रयोग कमालीचा यशस्वी ठरला होता. १९५५ साली त्यांनी हेलन यांना ‘पाइप ड्रीम’मध्ये घेतले. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘स्वीट थर्सडे’ या कादंबरीवर आधारलेली ही संगीतिका कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील किनारपट्टीच्या वस्तीत घडते. हेलन यांची भूमिका फॉना या कुंटणखान्याच्या मालकिणीची, मनाने मायाळू बाईची होती.

३० नोव्हेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या शुबर्ट थिएटरमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. आगाऊ तिकीटविक्री प्रचंड होती, परंतु समीक्षकांनी निराशा व्यक्त केली. रॉजर्स यांच्या जबड्याच्या कर्करोगावर त्याच सुमारास शस्त्रक्रिया झाली होती. तालमींकडे त्यांना हवे तसे लक्ष देता आले नाही. हॅमरस्टाइन यांनी विषयाला इतके सोज्ज्वळ रूप दिले, की फॉनाचे घर नेमके कसले आहे हेच प्रेक्षकाला नीट उमगेना. स्टाइनबेक यांनी याबद्दल हॅमरस्टाइन यांच्याकडे नाराजी कळविली होती. हेलन यांच्यावरही टीका झाली. देहाने आणि आवाजाने त्या इतक्या भव्य होत्या, की वस्तीतील या बाईच्या जागी प्रेक्षकांना प्रतिष्ठित घरची प्रेमळ आजी दिसे. पुढे त्यांचे काही प्रयोग चुकले आणि शेवटच्या टप्प्यात नॅन्सी अँड्र्यूज यांनी ही भूमिका केली. २४६ प्रयोगांनंतर संगीतिका बंद झाली. रॉजर्स-हॅमरस्टाइन यांच्या ब्रॉडवेवरील संगीतिकांमध्ये हीच सर्वांत कमी चालली.

पिंझा यांना जे साधले ते हेलन यांना का साधले नाही, याचे उत्तर केवळ गायनात शोधणे योग्य होणार नाही. पिंझा यांच्यासाठी प्रौढ, परदेशी प्रियकराची भूमिका त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला मापून बेतलेली होती. हेलन यांच्या वाट्याला नायिकेची गीतेही आली नाहीत आणि भूमिकेचा मूळ रंगही पुसला गेला होता. ध्वनिमुद्रिकेत त्यांची गीते आजही ऐकता येतात. त्यांतील मधल्या सप्तकातील गोलाई ऐकली, की समीक्षकांचा दोष भूमिकेच्या निवडीला अधिक आणि आवाजाला कमी लागू होतो असे दिसते.

चित्रपट, दूरचित्रवाणी आणि लेखन

संगीतकार सिगमंड रॉम्बर्ग यांच्या जीवनावरील ‘डीप इन माय हार्ट’ (१९५४) या चित्रपटात हेलन यांनी कॅफेच्या मालकिणीची भूमिका केली आणि रॉम्बर्ग यांची गीतेही गायिली. त्यांच्या चित्रपटकामांत हेच काम सर्वांत समाधानकारक म्हणावे लागेल. रॉम्बर्ग यांचे संगीत ऑपेरा आणि लोकप्रिय गीत यांच्या सीमेवरचे असल्याने त्यात त्यांचा आवाज नैसर्गिक वाटतो. जेरी लुईस यांच्या ‘द लेडीज मॅन’ (१९६१) या चित्रपटात आणि ‘गन’ (१९६७) या चित्रपटातही त्या होत्या. २९ एप्रिल १९६० रोजी दूरचित्रवाणीवर सादर झालेल्या गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या ‘द मिकाडो’मध्ये त्यांनी कटिशाची भूमिका केली. त्यात विनोदी नट ग्राउचो मार्क्स को-को झाले होते.

त्यांच्या नावावर ‘द मेट्रोपॉलिटन ऑपेरा मर्डर्स’ (१९५१) ही रहस्यकथा आहे. तिच्या लेखनात हॅरल्ड मेसर यांचा हात होता. त्यांचे आत्मचरित्र ‘सेंट लुईस वुमन’ या नावाने १९५९ साली प्रसिद्ध झाले. हे शीर्षक त्यांच्या जन्मगावाची आठवण देते आणि नाइटक्लबमधील त्यांच्या त्या आवडत्या ब्लूज गीताचीही. वाग्नरच्या एखाद्या नायिकेचे नाव त्यांनी पुस्तकाला दिले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अखेरचा काळ

‘गन’नंतर त्या सार्वजनिक जीवनातून जवळजवळ निवृत्त झाल्या. २८ जुलै १९७२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन लॉस एंजेलिसमधील वेस्टवुड व्हिलेज स्मृतिउद्यानात करण्यात आले. हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर त्यांच्या नावाचा तारा आहे, आणि जन्मगावातील सेंट लुईस वॉक ऑफ फेममध्येही त्यांचा समावेश करण्यात आला आहे. ज्यांच्याशी मतभेद झाला ते बिंग त्यांच्या निधनाच्या काही आठवडे आधी, १९७२ च्या हंगामानंतर, मेटमधून निवृत्त झाले होते.